काचेचं भांडं आणि गार ओटा

भांडी बाजारात पितळेच्या पातेल्यासाठी तासभर घासाघीस करणारे आपण नाशिककर काचेचं भांडं मात्र नुसतं दिसण्यावर उचलतो. आधी तळाशी काय लिहिलंय ते वाचा. ‘बोरोसिलिकेट’, म्हणजे उष्णता सोसणारी खास काच, असेल तर ओव्हनसाठी उत्तम. साधी काच तापल्यावर त्याच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, म्हणून लवकर तडकते. ‘टफन्ड’, म्हणजे मुद्दाम कडक केलेली काच, हा शब्द फसवा: आपटण्याला दणकट, पण तापमानाच्या झटक्याला बोरोसिलिकेटइतकी नाही. गॅसवर ठेवायचं असेल तर तसं वेगळं लिहिलेलं हवं. ओव्हनचं चिन्ह पुरत नाही.

खरा घात होतो तो उतरवताना. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा ग्रॅनाइटचा ओटा बर्फासारखा असतो. ओव्हनमधलं भांडं त्यावर थेट टेकवू नका, खाली लाकडी पाट किंवा जाड कोरडं फडकं घ्या. ओलं फडकं नकोच. गरम भांड्यात गार पाणी ओतणं, फ्रिजमधलं थेट ओव्हनमध्ये सरकवणं, हेही तसंच.

तारेच्या घासणीने चरे पडतात आणि पुढे काच तिथूनच फुटते. खोल चरा दिसला की ते भांडं मनुके ठेवायला घ्या, पुन्हा तापवू नका.