लाल भिंतीसाठी आधी करडा प्रायमर

पांढऱ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) गडद लाल रंग दिला की चार-पाच हात देऊनही भिंत पट्ट्यापट्ट्यांची दिसते. लाल रंगद्रव्यं बरीचशी पारदर्शक असतात, खालचा पांढरा वर डोकावतो.

१. भिंत २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या.
२. दुकानातून प्रायमर मध्यम करडा करून घ्या. गुलाबी नको, करडाच. त्याचा एक हात द्या.
३. लाल रंगाचे दोन, फार तर तीन पातळ हात. डब्यावर लिहिलेला वेळ थांबल्याशिवाय पुढचा हात नको. घाई केली की रोलर खालचा ओला थर उचलतो.

फिनिश सॅटिन, म्हणजे हलक्या चमकेचं घ्या. मॅट (बिनचमकेच्या) लालवर खुर्चीची पाठ घासली तरी चकचकीत डाग उमटतो आणि तो पुसून जात नाही.

लाल म्हणजे मंगल, ऊब, उत्साह, तसाच धोक्याचा इशाराही. म्हणून एकच भिंत पुरे. झोपायच्या खोलीत ती पलंगाच्या डोक्यामागची असावी, पडल्यावर नजरेसमोर येत नाही.

थेट ऊन पडणारी भिंत मात्र टाळा, लाल लवकर विटतो.