शेअरच्या चार्टवर रिग्रेशन लाईन कशी लावाची

कापसाचा पैसा हाती आला का आपल्याकडचे पोट्टे डिमॅट उघडतात अन चार्टवर हातानं ट्रेंडलाईन (भाव कोणीकडं चालला ते दाखवणारी रेघ) खेचत बसतात, ज्याले शेअर घ्याचाच आहे त्याची लाईन बरोबर वरच जाते. रिग्रेशनमध्ये हे थोडं कमी चालते कारण लाईन कॉम्प्युटर काढते, प्रत्येक क्लोजिंग (दिवस संपतानाचा भाव) लाईनपासून किती दूर आहे त्याचा वर्ग करायचा अन त्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येईल ते लाईन.

ट्रेडिंगव्ह्यू (चार्ट पाहाची वेबसाइट) उघडा, डेली चार्ट लावा (५ मिनिटाच्या नादी लागू नका भाऊ). डावीकडं ट्रेंडलाईनच्या मेनूत 'रिग्रेशन ट्रेंड' भेटते, सुरवातीच्या कॅन्डलवर (एका दिवसाचा भाव दाखवणारी कांडी) एक क्लिक, शेवटच्यावर एक. मधात लाईन येते अन वर-खाली २ स्टँडर्ड डेव्हिएशनवर (भाव लाईनीपासून साधारण किती पसरते त्याचं माप) आणखी दोन, हा पट्टा म्हणजे चॅनल. तिथंच एक बारीक आकडा दिसते, पिअरसनचा आर (भाव लाईनीले किती धरून चालला ते सांगते), लोकं त्याच्याकडं पाहतच नाही अन खरी गोष्ट तर तिथंच आहे.

समजा पाच दिवसाचं क्लोजिंग १००, १०२, १०१, १०५, १०७. लाईन रोज १.७ रुपयानं चढते, आर येते ०.९२, त्याचा वर्ग ०.८५, म्हणजे भावाच्या चढउतारातला ८५ टक्के भाग लाईनीत बसला. गुगल शीटमध्ये स्लोप अन आरएसक्यू हे फॉर्म्युले टाकून पाहा, हेच येईन. पाच दिवस फक्त समजाले घेतले, खऱ्या चार्टवर पन्नासेक कॅन्डल तरी घ्या. आर ०.३ च्या आसपास असला तर लाईन तिरपी दिसली तरी तिथं ट्रेंड नाही, सोडून द्या.

लबाडी उरते ते सुरवातीच्या क्लिकमध्ये. २३ मार्च २०२० ले कोरोनाच्या पडझडीत निफ्टी तळाले, ७,६१० वर बंद झाला होता, तिथून लाईन सुरू केली तर जवळपास कोणताही शेअर हिराच दिसन. म्हणून तीच लाईन महिना-दोन महिने मागंपुढं सरकवून पाहा, लाईनीची दिशा लगेच पलटली तर भरवसा नाही.

अन 'लिनियर रिग्रेशन चॅनल' नावाचा इंडिकेटर वेगळा, तो शेवटच्या १०० कॅन्डल घेते अन नवी कॅन्डल आली का अख्खा चॅनल सरकते, त्यामुळं मागचा भाव लाईनीले टेकून टेकून वापस फिरलेला दिसते पण त्या दिवशी ते लाईन तिथं नव्हतीच. त्याच्यावर पाहून "मागं किती मस्त चालला" म्हणत पैसे लावू नका. वर दोन क्लिक करून काढलेला 'रिग्रेशन ट्रेंड'चा चॅनल तसाच ठेवा, पुढच्या कॅन्डल त्यात बसतात का पाहत राहा, अन क्लोजिंग दोन-तीन दिवस खालच्या लाईनीखाली राहिलं तर जुना चॅनल लांबवाचा नाही, पुसाचा.