स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर घट्ट झालेला व्रण सैल कसा करावा

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर टाके निघतात, जखम वरून भरलेली दिसते आणि घरच्यांना वाटते की आता झाले. पण त्वचेखाली कोलॅजेनचे धागे विणले जाण्याचे काम पुढे कित्येक महिने, बहुधा वर्षभराहूनही अधिक काळ चालू असते. हे धागे आडवेतिडवे साचले की व्रण खालच्या स्नायूला चिकटतो आणि मग वेणी घालताना किंवा फळीवरचा डबा काढताना छातीपासून काखेपर्यंत ओढ बसते.

सुरुवात व्रणापासून नव्हे, खांद्यापासून करावी. ड्रेनची, म्हणजे जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी असेपर्यंत हात साधारणपणे खांद्याच्या उंचीपर्यंतच उचलायचा असतो. ती निघाल्यावर सर्जनच्या परवानगीने भिंतीचा व्यायाम सुरू करता येतो. भिंतीसमोर उभे राहून बोटे मुंगीच्या चालीने वर न्यावीत, ओढ जाणवेल तिथे थांबून चार-पाच संथ श्वास घ्यावेत आणि हात तसाच हळूहळू खाली आणावा. आज बोटे कुठवर पोहोचली तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. भिंत खराब होते अशी कुरकूर घरात होईल, ती होऊ द्यावी. ‘हात हलवू नकोस, त्रास होईल’ हा प्रेमापोटी दिला जाणारा सल्ला मात्र मानू नये, कारण हात डोक्यावर नेऊन स्थिर ठेवता आला नाही तर रेडिएशनसाठी झोपणेही अवघड होते.

व्रणाचे मालीश जखम पूर्ण बंद होऊन सगळ्या खपल्या पडल्यावरच, म्हणजे बहुधा तीन ते सहा आठवड्यांनी आणि डॉक्टरांना विचारूनच करावे. आधी आरशासमोर बसून दोन बोटे व्रणावर टेकवावीत आणि त्वचा वर-खाली व दोन्ही बाजूंना सरकवून पाहावी. जिथे ती खळगा पडून अडते, तिथेच काम करायचे आहे. बिनवासाचे साधे क्रीम किंवा थोडे खोबरेल पुरते. वेदनाशामक बाम लावू नये. बोटे त्वचेवरून घसरू न देता त्वचेलाच घेऊन लहान वर्तुळे काढावीत, मग व्रणाच्या आडव्या दिशेने सरकवावे, आणि काही दिवसांनी चिमटीत धरून हलकेच उचलावे. नख किंचित पांढरे पडेल इतकाच दाब, पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. ओढ जाणवणे योग्य आहे, कळ येणे नव्हे. शेजारच्या मालीशवालीकडून ही जागा जोरात रगडून घेणे तर कटाक्षाने टाळावे.

रेडिएशन चालू असताना आणि त्यानंतर सोललेली, काळवंडलेली त्वचा पूर्ववत होईपर्यंत त्या भागाला मालीश करू नये. खांद्याचे हलके व्यायाम मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावेत. रेडिएशनमुळे येणारा घट्टपणा कधी कधी काही महिन्यांनी, तर कधी वर्षांनंतरही वाढतो, म्हणून उपचार संपले तरी ताणाचे व्यायाम सोडू नयेत. शस्त्रक्रियेनंतर ती जागा बधिर राहते, आणि बधिर त्वचेला चटका बसल्याचे कळत नाही. त्यामुळे गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेऊ नये.

काही जणींना हात बाजूला पसरला की काखेतून कोपराकडे ताणलेल्या सुतळीसारख्या दोऱ्या दिसतात. काखेतील लसिकाग्रंथी (अंगातला लसिका हा द्रव गाळणाऱ्या लहान गाठी) काढल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत हे पुष्कळदा घडते आणि कर्करोग परतल्याचे ते लक्षण नसते. बहुतेकींच्या दोऱ्या काही महिन्यांत विरतात. कोपर सरळ ठेवून हात हळूहळू बाजूला नेण्याचा ताण उपयोगी पडतो, पण त्या तोडायचा प्रयत्न घरी करू नये, फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

व्रणात नवी कडक गाठ लागली, तो लाल व गरम झाला, पाणी येऊ लागले किंवा ताप आला तर मालीश थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. त्या बाजूच्या हाताला लसिका साचून सूज येण्याची शक्यता कायम राहते आणि ती डोळ्यांना दिसण्याआधी बांगडीला कळते: काल सहज फिरणारी बांगडी आज मनगटावर रुतू लागली किंवा हात जड वाटू लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता दाखवून यावे.