४,४०,००१ ही संख्या कागदावर कशी उलगडावी

नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड ४४०००१ हा आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोडची पद्धत देशात सुरू झाली, तेव्हापासून हे सहा अंक केवळ पत्त्याची खूण म्हणून लिहिले जातात. ते ‘चार लाख चाळीस हजार एक’ असे संख्या म्हणून वाचले आणि तिचे मूळ अवयव पाडायला घेतले, तर तासाभराचे चांगले गणित हाती लागते.

प्रथम अंकांची बेरीज करावी. ४+४+०+०+०+१ म्हणजे ९. म्हणून संख्येला ९ ने नि:शेष भाग जातो आणि भागाकार ४८,८८९ येतो. हे आधी करण्याला कारण आहे. ४,४०,००१ चे वर्गमूळ ६६३ च्या थोडे पुढे असल्यामुळे थेट तिच्यावर काम केल्यास ६६१ पर्यंतच्या १२१ मूळ संख्या तपासाव्या लागतात, तर ४८,८८९ चे वर्गमूळ २२१ च्या किंचित वर असल्याने २११ पर्यंतच्या ४७ पुरतात. त्यांतील २, ३ आणि ५ तर अंक पाहूनच बाद होतात.

उरलेल्या चव्वेचाळीस मूळ संख्यांनी एकेक भाग देऊन बाकी समासात लिहावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला बगल देऊ नये. ७ आणि ९७ या दोहोंनी भागल्यास बाकी १ उरते, कारण ४८,८८८ ला दोन्हींनी नि:शेष भाग जातो. मी एकदा घाईत शेवटचा ९ हा ८ असा लिहिला आणि नसलेला अवयव ‘सापडल्याच्या’ आनंदात पुढचे पानभर गणित वाया घालवले. अंक नीट उतरवला, तर एकाही संख्येने भाग जात नाही. म्हणजे ४८,८८९ ही मूळ संख्या असून ४,४०,००१ = ३² × ४८,८८९ होय. घातांकांत एकेक मिळवून गुणल्यास ३ × २, म्हणजे सहा विभाजक मिळतात: १, ३, ९, ४८,८८९, १,४६,६६७ आणि ४,४०,००१.

खरी गंमत यापुढे आहे. ४८,८८९ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, आणि अशी प्रत्येक विषम मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे मांडता येते. ती शोधण्यासाठी २२१ पासून एकेक खाली येत प्रत्येकाचा वर्ग वजा करावा आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहावे. तिच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ असल्यास ती तिथेच सोडावी. चौदाव्या प्रयत्नात २०८ येतो: ४८,८८९ − ४३,२६४ = ५,६२५, म्हणजेच ७५². २०८ आणि ७५ या दोहोंना ३ ने गुणले की ६२४² + २२५² = ३,८९,३७६ + ५०,६२५ = ४,४०,००१.

हात बसवायचा असेल, तर नागपुरातल्याच धरमपेठ भागाचा ४४००१० घ्यावा. तिथे २, ५ आणि ९ काढल्यावर ४,८८९ उरतात आणि ६७ पर्यंतच तपासावे लागते.