ओपन की क्लोज्ड? हेडफोनची तुलना करताना या चुका टाळा

दुकानात दोन हेडफोन पाच मिनिटं लावून पाहायचे आणि ‘ओपनला बास नाही’ असा निकाल देऊन मोकळं व्हायचं, हे फार वेळा होतं. ओपन म्हणजे कानावरच्या कपची बाहेरची बाजू उघडी, जाळीदार; क्लोज्ड म्हणजे ती बंद. पण त्या पाच मिनिटांत ऐकू आलेला बराचसा फरक कपच्या बनावटीचा नसतोच. कधी एक हेडफोन जरा मोठ्याने वाजत असतो, कधी चष्म्याच्या काडीने पॅड उचललेलं असतं, तर कधी डोक्यावर पंखा गरगरत असतो.

आवाज न जुळवता तुलना

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक आपल्याला ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही. तो ‘जास्त स्पष्ट’, ‘जास्त भरीव’ असा वाटतो. शिवाय आवाज कमी झाला की आपल्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा अधिक मंद ऐकू येतात. म्हणजे हळू वाजणारा हेडफोन बासमध्ये आपोआप मार खातो. सेनहायझरचा ओपन एचडी ६०० आहे ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), ऑडिओ-टेक्निकाचा क्लोज्ड एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा. एकाच फोनला, एकाच व्हॉल्यूमवर लावले तर एचडी ६०० कितीतरी हळू वाजणार.

जुळवणी गाण्यावर करू नका. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पिंक नॉइज (सगळ्या स्वरांचा मिळून होणारा एकसलग खळखळाट) तयार करा, फिल्टर लावून तो ५०० ते २००० हर्ट्झमध्येच ठेवा आणि दोन्हीकडे सारखा ऐकू येईपर्यंत व्हॉल्यूम हलवा. बास आणि ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण स्वर) मुद्दाम वगळायचे, कारण तपासायचे आहेत तेच. प्रत्येक हेडफोनच्या व्हॉल्यूमची खूण लिहून ठेवा आणि मग तिला हात लावू नका.

पॅडची फट

क्लोज्ड हेडफोनचा बास बराचसा कानाभोवती कोंडलेल्या हवेवर टिकून असतो. चष्म्याची काडी, केसांची जाड बट, मोठं कानातलं किंवा झिजून चपटं झालेलं पॅड, यांतल्या कशानेही फट पडली की तो निसटतो. साध्या ड्रायव्हरच्या (म्हणजे कपमधल्या छोट्या स्पीकरच्या) ओपन हेडफोनचा खोल बास मुळातच थोडा उतरता असतो, त्यामुळे फटीने त्यांचं नुकसान कमी होतं. प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याच्या ड्रायव्हरचे ओपन हेडफोन मात्र फटीला चांगलेच हळवे असतात. ४० हर्ट्झचा स्वर हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच दाबा. स्वर एकदम वाढला, तर फट आहे. चष्मा लावूनच ऐकणार असाल, तर तुलनाही चष्मा लावूनच करा.

पंखा चालू ठेवून खोल बासचा निकाल

ओपन हेडफोन बाहेरचा आवाज जवळपास अडवत नाही. पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या ट्रकचा गडगडाट संगीतातला खालचा थर झाकून टाकतात, आणि आपण दोष हेडफोनला देतो. क्लोज्ड कपही इथे वाटतो तितका कामाचा नाही. तो बोलणं, हॉर्न, शिट्ट्या बऱ्यापैकी अडवतो; खोल घरघर पुष्कळशी आत येतेच. पंखा बंद करून, रात्री उशिरा तेच गाणं पुन्हा ऐका.

चुकीचं रेकॉर्डिंग

तानपुरा घुमला की बास चांगला, असं पुष्कळजण धरून चालतात. काळी एक पट्टीत पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाचा, म्हणजे सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर साधारण ६९ हर्ट्झचा. पण जवारीमुळे (घोडीवर तार झणझणते त्यामुळे) कानावर येतात ते प्रामुख्याने त्याचे वरचे स्वर, आणि त्यांवरून मेंदू खर्ज भरून काढतो. तानपुऱ्यावर मधला आणि वरचा भाग पारखावा. बाससाठी मला तबल्याचा डग्गाच सर्वांत विश्वासाचा वाटतो, त्यातही मनगटाच्या दाबाने वर चढवलेला घुमारा. स्वर सरकत असताना मध्येच एका ठिकाणी तो फुगला, तर बहुधा कपमधली हवा घुमते आहे. हा दोष क्लोज्डमध्ये जास्त सापडतो.

एका जोडीवरून सगळ्या जातीचा निकाल

‘ओपन म्हणजे मऊ आणि नैसर्गिक’ हे बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो ऐकणारा म्हणणार नाही. ओपन असूनही त्याचा ट्रेबल चांगलाच धारदार आहे. एचडी ६०० आणि एम५०एक्स शेजारी ठेवले की आपण मुख्यतः दोन कंपन्यांची आवडनिवड ऐकत असतो. त्यापेक्षा एकाच घराण्यातले क्लोज्ड डीटी ७७० प्रो आणि ओपन डीटी ९९० प्रो घ्या. त्यांचंही ट्यूनिंग सारखं नाही, पण जोडी निदान जवळची आहे. आवाजाच्या ऐसपैसपणाचंही तेच. २००९ चा एचडी ८०० एवढा मोकळा वाटतो, त्यात उघड्या कपइतकाच कानासमोर तिरक्या बसवलेल्या ड्रायव्हरचाही वाटा आहे.

नॉइज कॅन्सलिंगचे ब्लूटूथ हेडफोन या तुलनेत घेऊच नयेत. आतली चिप त्यांचा आवाज घडवत असते. यूट्यूबवरच्या तुलनेच्या व्हिडिओंचाही उपयोग नाही, कारण ते तुम्ही स्वतःच्याच हेडफोनमधून ऐकता.

एकाच कानात बास कमी येत असेल तर

हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. दोष त्याच कानाला राहिला, तर फट किंवा तुमचा कानच कारण आहे. दोष कपबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला, तर आधी मोनो आवाज (दोन्ही कानांत एकसारखा) लावा; तरीही दोष राहिला, तर रेकॉर्डिंगची शंका मिटते. मग दोन्ही पॅडची अदलाबदल करून पाहा. दोष पॅडबरोबर सरकला, तर नवी पॅड घ्या. नाही सरकला, तर केबल किंवा ड्रायव्हर तपासून घ्यायला हवा.