डिस्चार्ज सकाळी, पेशंट घरी संध्याकाळी: रुग्णालयांनी या चुका टाळा

सकाळी साडेनऊच्या राऊंडला डॉक्टर म्हणतात, "आज घरी जा." पेशंट खाटेवरून हलतो तो दुपारी साडेचारला. नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या मध्यम आकाराच्या रुग्णालयांमध्ये हे रोजचंच आहे. "मॅडम, सकाळपासून सुट्टी झाली म्हणून राहिले, अन् बिल काही होऊन नाही राहिलं," असं नातेवाईक बिलिंगच्या काउंटरवर येऊन बोलतात, म्हणून दोषही बिलिंगवरच येतो. वेळा तपासल्या की दिसतं वेगळंच: बिलिंगकडे फाइल पोचेपर्यंतच अर्धा दिवस संपलेला असतो.

आधी हिशेब बघा. १०० खाटांच्या रुग्णालयात रोज २० डिस्चार्ज धरले आणि प्रत्येकात ३ तास वाया गेले, तर दिवसाचे ६० खाट-तास बुडाले. म्हणजे अडीच खाटा चोवीस तास अडकून पडल्या. त्याच वेळी छिंदवाड्याहून किंवा गोंदियाहून आलेला पेशंट कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर खाटेची वाट बघत असतो. नवीन खाटा टाकायचा विचार करण्याआधी या अडीच खाटा सोडवाव्यात.

फक्त सुरुवात आणि शेवट मोजणं

डिस्चार्जला लागणारा वेळ हा एनएबीएचच्या (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या) गुणवत्ता निर्देशांकांपैकी एक आहे, त्यामुळे रजिस्टर बहुतेक ठिकाणी असतं. त्यात दोनच वेळा असतात: डॉक्टरांनी सांगितल्याची आणि पेशंट गेल्याची. मधले सात तास कुठे गेले हे त्यातून कधीच कळणार नाही.

फाइलच्या पहिल्या पानाला एक पट्टी लावा आणि तिच्यावर नऊ रकाने करा: डॉक्टरांनी सांगितलं, समरीवर (घरी जाताना द्यायच्या उपचारांच्या सारांशावर) सही झाली, उरलेली औषधं परत झाली, फाइल बिलिंगला पोचली, विमा कंपनीला पाठवलं, मंजुरी आली, पैसे भरले, पेशंट वॉर्डबाहेर गेला, खाट तयार झाली. ज्याचं काम, त्यानेच वेळ लिहायची. दोन आठवडे, निदान ५० फाइली. रोख, कॅशलेस (विमा कंपनी परस्पर बिल भरते ते) आणि सरकारी योजना यांचे गठ्ठे वेगळे ठेवा, नाहीतर एकाचा दोष दुसऱ्याच्या आकड्यात लपतो. सरासरी काढू नका, कारण रात्री आठला गेलेल्या एक-दोन केसेस ती बिघडवतात. वेळा चढत्या क्रमाने लावून बरोबर मधली घ्या.

इथे दोन गोष्टी हमखास फसवतात. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ आणि बिलिंगच्या संगणकातली वेळ यांत दहा-बारा मिनिटांचा फरक असतो, आणि मग पाठवण्याआधीच फाइल पोचल्याचं दिसतं. पहिल्या दिवशी सगळी घड्याळं मोबाइलशी जुळवून घ्या. दुसरं म्हणजे पट्टीवरच्या वेळा ११.००, ११.३०, १२.०० अशा गोल दिसू लागल्या, तर त्या शिफ्टच्या शेवटी बसून एकदम भरलेल्या आहेत असं समजा. तो गठ्ठा बाजूला ठेवा आणि इन्चार्ज सिस्टरशी बोला. ओरडून उपयोग नाही. पेन पट्टीजवळ बांधून ठेवलं तरी बराच फरक पडतो.

सगळं काम राऊंडनंतर सुरू करणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. समरी लिहिणं, औषधं परत करणं, बाकी रिपोर्ट गोळा करणं, तोवरचं बिल तपासणं यातल्या कशालाच पेशंटला सुट्टी होण्याची वाट बघावी लागत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता प्रत्येक वॉर्डाने 'उद्या संभाव्य' यादी काढावी. आरएमओने (वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने) कन्सल्टंटला, म्हणजे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला, फोन करून ती पक्की करावी. यादी बिलिंग, फार्मसी, टीपीए डेस्क (विम्याचे कागद बघणारा) आणि आहार विभागाला जावी. संध्याकाळच्या आरएमओने समरीचा मसुदा तयार ठेवावा; सकाळी त्यात फक्त त्या दिवशीची तपासणी आणि औषधं भरायची राहतील. रात्री बिलिंगने तोवरचं बिल काढावं, आणि नातेवाईकांना अंदाजे रक्कम त्याच रात्री सांगावी. पैसे जमवायला त्यांनाही रात्र हवी असते, विशेषतः एटीएमची रोजची मर्यादा असताना.

"यादीतले निम्मे पेशंट दुसऱ्या दिवशी थांबतातच, मग उपयोग काय?" हा आक्षेप येतो. दहांपैकी तीन थांबले तरी सात जणांचं काम झालेलं असतं, आणि थांबलेल्या तिघांचा मसुदाही फुकट जात नाही. मात्र रोजच अर्ध्याहून जास्त थांबत असतील, तर आरएमओ कन्सल्टंटला फोन न करता अंदाजाने नावं लिहितोय हे ओळखा.

व्हिजिटिंग कन्सल्टंटचा प्रश्न नागपुरात जरा अवघड आहे. एकच सर्जन सकाळी तीन-चार रुग्णालयांत फिरतो आणि तुमच्याकडे दीडला पोचतो. त्यांना लवकर या म्हणण्यापेक्षा आदल्या दिवशी त्या पेशंटपुरत्या अटी लिहून घ्या: चोवीस तास ताप नाही, तोंडाने खाणं सुरू, जखम कोरडी, लघवी नीट होते. सकाळी ८ वाजता आरएमओने तपासावं, अटी पूर्ण असतील तर फोनवर परवानगी घ्यावी, आणि फोनची वेळ केस पेपरवर नोंदवावी. एक जरी अट पूर्ण नसेल तर पेशंट थांबला. अटी छापील नकोत. सगळ्यांना एकच अट लावणं हे घाईपेक्षाही धोक्याचं आहे.

जे डॉक्टर रुग्णालयातच असतात त्यांच्या राऊंडचा क्रम पाहा. आयसीयूनंतर थेट 'आज जाणारे' घ्यावेत, मग नवीन आलेले. बहुतेक ठिकाणी खाट क्रमांक एकपासून सुरुवात होते आणि जाणारा पेशंट अठ्ठावीस नंबरवर असतो.

फाइलींचा गठ्ठा करून पाठवणं

वॉर्डबॉय पाच फाइली जमल्या की एकदम खाली नेतो. त्याची चूक नाही, त्याला तेवढ्याच फेऱ्या परवडतात. पण त्यामुळे बिलिंगवाले अकरापर्यंत रिकामे आणि बारानंतर घामाघूम. फाइल तयार झाली की गठ्ठ्याची वाट न बघता एक-एकटीच पाठवायची, असा नियम करा आणि ९ ते १ या वेळेत एक माणूस फक्त याच कामाला ठेवा.

औषधं परत करताना होणारे घोळ

बिल अंतिम झाल्यावर ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून न वापरलेली चार इंजेक्शनं निघतात. ती परत केली की बिल बदलतं, आणि कॅशलेस असेल तर विमा कंपनीला पुन्हा कागद जातात. उपाय साधा आहे: संभाव्य यादीतल्या पेशंटची औषधं आदल्या रात्री ८ पर्यंत परत करायची, आणि त्यानंतर फक्त सकाळच्या डोसपुरतीच द्यायची.

फार्मसीने बॅच क्रमांक आणि एक्सपायरी पाहून, न उघडलेलं पाकीटच परत घ्यावं. २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची औषधं, म्हणजे इन्सुलिन वगैरे, वॉर्डातून परत आली तर पुन्हा विक्रीला ठेवू नयेत. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर ती बाटली किती वेळ होती हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून अशी औषधं मुळात एक-एकच मागवा.

कॅशलेसची अर्धवट फाइल पाठवणं

आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर विमा कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आहे, आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. पण हे तीन तास तुम्ही विनंती पाठवल्यावर सुरू होतात. दुपारी एकला पाठवून "कंपनी उशीर करते" म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय अर्धवट कागद गेले की कंपनीची क्वेरी (खुलाशाची मागणी) येते आणि दुपार तिच्या उत्तरातच जाते.

क्वेरी येण्याची कारणं ठरलेली असतात. ओटी (ऑपरेशन) नोट्सवर ऑपरेशन सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ नाही. शरीरात बसवलेल्या इम्प्लांटचा स्टिकर फाइलला नाही, बीजकही नाही. बिलात सहा तपासण्या आणि फाइलमध्ये पाचच रिपोर्ट. खर्च मंजूर रकमेपुढे गेला तरी वाढीव मंजुरी मागितलीच नाही, आणि ते शेवटच्या दिवशी लक्षात आलं. प्री-ऑथमध्ये (आधी पाठवलेल्या मंजुरीच्या अर्जात) एक निदान आणि समरीत दुसरं, मध्ये निदान का बदललं याची एक ओळही नाही.

सगळ्यांत त्रासदायक प्रकार जुन्या आजाराचा. ॲडमिशन शीटवर 'मधुमेह २ वर्षे', आयसीयूच्या नोटमध्ये '१० वर्षे', समरीत नुसतंच 'जुना मधुमेह'. तिन्ही ठिकाणी तीन वेगळ्या माणसांना विचारलेलं असतं: मुलाला, सुनेला आणि गुंगीत असलेल्या पेशंटला. कंपनी यावर क्वेरी काढणारच. हिस्टरी एकदाच, जुनी चिठ्ठी किंवा गोळ्यांची पाकिटं बघून घ्यावी आणि कोणी सांगितली तेही लिहावं. पुढच्यांनी तिचाच संदर्भ घ्यावा. दुरुस्ती करायचीच असेल तर एका रेघेने खोडून बाजूला सही, तारीख, वेळ. क्लेम पास व्हावा म्हणून मागाहून पान बदलणं ही चूक राहत नाही, तो गुन्हा होतो.

ग्लोव्हज, नोंदणी शुल्क अशा ज्या बाबी अनेकदा विम्यात बसत नाहीत त्यांची रक्कम आदल्या संध्याकाळीच नातेवाईकांना लेखी द्या. काउंटरवरची निम्मी भांडणं या रकमेवरून होतात.

योजनेच्या पेशंटला त्याच रांगेत उभं करणं

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि मंजूर उपचारासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. तरीही त्याला 'नो ड्यूज'साठी (काही देणं बाकी नाही या शिक्क्यासाठी) बिलिंगच्या रांगेत उभं केलं जातं. त्याचा मार्ग वेगळा ठेवा: वॉर्ड, आरोग्यमित्र (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस), दरवाजा. ॲडमिशनच्या दिवशीच रेशनकार्ड आणि ओळखपत्रावरचं नाव ताडून बघा. आडनावातली एक वेलांटी शेवटच्या दिवशी तास खाते. बालाघाट, शिवनी, राजनांदगावकडचे पेशंट आले तर आयुष्मान कार्ड आहे का हे आल्या-आल्या विचारा. पीएम-जयची, म्हणजे आयुष्मान भारत योजनेची, सोय राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयातही चालते. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये घरी परतण्याचं एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं आणि १० दिवसांपर्यंतचा फॉलोअप येतो, हे पेशंटला सहसा माहीत नसतं.

समरीत नक्कल

मागच्या पेशंटची समरी उघडून नाव बदलायची सवय फार पसरली आहे. डाव्या गुडघ्याच्या जागी उजवा गुडघा असाच येतो. सही करणाऱ्याने चार गोष्टी बोट ठेवून वाचाव्यात: बाजू, ॲलर्जी, बंद केलेली औषधं आणि अजून न आलेला रिपोर्ट. बायोप्सी बाकी असेल तर ती कोण, कधी, कोणत्या क्रमांकावर कळवणार हे समरीत हवं. विदर्भात सिकलसेलची तपासणी झालेली असेल तर निकालही लिहा, पुढच्या डॉक्टरला तो लागतो.

औषधांचा तक्ता '१-०-१' असा न देता सकाळ-दुपार-रात्र असा, मराठीत किंवा हिंदीत द्या. मग सिस्टरने नातेवाईकालाच विचारावं, "आता सांगा, रात्री कोणती गोळी?" उत्तर चुकलं तर पुन्हा समजवा. याला पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं कापू नका.

पेशंट गेला, खाट अडकली

संगणकात खाटेच्या दोनच अवस्था असल्या तर गोंधळ होतो: बिल झालं की 'रिकामी' दिसते, प्रत्यक्षात तिच्यावर चादर, युरिन पॉट आणि सलाईनची नळी असते. 'पेशंट गेला, सफाई बाकी' ही तिसरी अवस्था टाका. सफाई वरून खाली, स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे. जंतुनाशकाच्या बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. लगेच कोरडा पुसला तर पुसून न पुसल्यासारखाच.

दंड लावून आकडा सुधारणं

बिलिंगला 'दोन तासांत डिस्चार्ज' असं लक्ष्य आणि उशिराला दंड लावला की आठवड्याभरात आकडा सुधारतो, पेशंट मात्र तिथेच बसलेला असतो. कारण 'डॉक्टरांनी सांगितलं' ही वेळच आता समरी तयार झाल्यावर टाकली जाते. म्हणून महिन्यातून एकदा दहा फाइलींत ती वेळ सिस्टरच्या नोंदीशी ताडून बघा.

बदल एकाच वॉर्डात, एकावेळी एकच करा, आणि पहिल्यांदा संभाव्य यादी घ्या. सॉफ्टवेअर बदलायचं सगळ्यांत शेवटी. आणि दुपारी ४ ला रोज एक निर्णय घ्या: जो पेशंट गडचिरोली, सिरोंचाकडे जाणार आहे आणि ज्याची मंजुरी अजून आलेली नाही, त्याला विचारा, गाडी मिळेल का? नसेल तर त्याला रात्रभर थांबू द्या, जेवण द्या, आणि उशीर आपल्यामुळे झाला असेल तर त्या रात्रीचं खाटभाडं बिलात लावू नका.