टायमिंग बेल्ट बदलल्यावर गाडी सुरू होईना? या चुका टाळा

बेल्ट चढला, कव्हर लागलं, बॅटरी जोडली, चावी फिरवली. इंजिन फिरतंय, पण पेटत नाही. अशा वेळी हात आपोआप पुन्हा चावीकडे जातो. अजून एक सेल्फ, मग अजून एक, जरा जास्त वेळ. या सगळ्या कामातली महागडी चूक हीच. टायमिंग बेल्ट हा दातेरी पट्टा क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका मेळात फिरवतो. बऱ्याच इंजिनांत बेल्ट चार-पाच दाते चुकला की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला भिडतो, आणि व्हॉल्व्ह वाकायला सेल्फचा जोर पुरतो. त्यामुळे एकदाच सेल्फ मारा, कान देऊन ऐका आणि चावी खिशात टाका.

ऐकायचं काय, तर ठेका. कॉम्प्रेशन ठीक असेल तर इंजिन घर्र-घर्र-घर्र असं अडत अडत फिरतं, कारण प्रत्येक पिस्टन हवा दाबताना सेल्फला जरा जोर लागतो. ठेका नाहीच, शिलाई मशीनसारखं सरळ ‘विर्रर’ फिरतंय, तर दाब तयारच होत नाहीये. म्हणजे टायमिंग बरंच चुकलंय, नाहीतर व्हॉल्व्ह गेलेत. ठेक्यात एकच ठोका गळत असेल तर संशय एखाद्या सिलिंडरवर. आणि ठेका अगदी रोजचाच वाटत असेल तर बेल्ट पुन्हा खोलण्याआधी तारा बघा.

तारांची गोष्ट मी स्वतःच्या अंगावर शिकलोय. माझ्या जुन्या हॅचबॅकचा बेल्ट मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलला. संध्याकाळी सेल्फ छान, आवाज छान, गाडी मात्र ढिम्म. शेजारचे काका जिन्यावरून सांगतायत, ‘अरे, अजून एकदा मार!’ मी अख्खा बेल्ट पुन्हा उघडला, मार्क (गिअर जुळवायच्या खुणा) तपासले, सगळे जागेवर. रात्री टॉर्च खाली पडला म्हणून वाकलो, तर क्रँक सेन्सरचा (क्रँक फिरतोय हे सांगणाऱ्या सेन्सरचा) कपलर, म्हणजे तारेचा जोड, अल्टरनेटरच्या मागे लोंबकळत होता. अल्टरनेटर बाजूला सरकवताना मीच काढला होता. ‘टिक’ आवाज येईपर्यंत दाबला आणि गाडी पहिल्या सेल्फला लागली.

क्रँक सेन्सरकडून सिग्नल आला नाही तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. म्हणून बेल्टसाठी जिथे जिथे हात घातला, तिथला प्रत्येक कपलर ओढून बघा. इंजिन माउंटिंग काढलं असेल तर तिथे अर्थिंगची तार होती का, आठवा. ती राहिली असेल तर सेल्फ नुसता ‘टक’ करतो. काही गाड्यांत क्रँकच्या गिअरमागे सेन्सरसाठी दातेरी चकती असते. ती उलटी बसली किंवा वाकली की वायरिंग कितीही तपासा, उपयोग नाही. स्कॅनर (गाडीतले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) मिळाला तर लावा. पी०३३५ असेल तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० असेल तर कॅम सेन्सरचं. पी००१६ आला तर मात्र क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये, म्हणजे गाडी पुन्हा बेल्टकडे.

आता मार्क. इथे लोक ज्याची काळजी करायला नको त्याची करतात. ‘क्रँक मार्कवर आहे, पण कॉम्प्रेशनच्या फेरीत आहे की एक्झॉस्टच्या?’ क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक होते, आणि कुठला स्ट्रोक (पिस्टनची कुठली खेप) हे कॅम ठरवतो. दोघांचे मार्क एकाच वेळी जागेवर असतील तर फेरीचा प्रश्नच उरत नाही. दाते मात्र मोजा. क्रँकच्या गिअरला वीस दाते असतील तर एक दाता म्हणजे क्रँकचे १८ अंश. एका दात्याने गाडी बहुधा सुरू होते, पण ओढत नाही, थरथरते. दोन-तीन चुकले की खोकते, बॅकफायर देते, नाहीतर लागतच नाही.

दाता चुकतो कसा? बेल्ट चढवताना टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या) विरुद्ध बाजूला ढील राहते. मार्क तेव्हा जुळलेले दिसतात. मग टेन्शनर सोडला की तो ती ढील खेचतो आणि कॅम हळूच सरकतो. म्हणून आधी ती बाजू ताठ करायची, उरलेली ढील टेन्शनरकडे घ्यायची. दुसरी फसगत बाहेरच्या क्रँक पुलीची. तिच्यात दोन लोखंडी भागांमध्ये रबर असतं. रबर सुटलं की बाहेरची कडा फिरते आणि खाच खोटं सांगते. मार्क आतल्या गिअरचाच धरा. शंका आलीच तर एक नंबरच्या सिलिंडरचा प्लग काढून भोकात लाकडी काडी उभी धरा आणि पिस्टन सगळ्यात वर कधी येतो ते बघा.

टेन्शनर बसला की पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा, इंजिन फिरतं त्याच दिशेने. प्लग काढलेले असले की हलकं जातं. मध्येच कडक अडलं तर तिथेच थांबा, पान्याला पाईप लावून जोर करू नका. तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. दोन फेऱ्यांनी गिअरचे मार्क परत जुळायला हवेत. नव्या बेल्टवर छापलेल्या रेघा मात्र जुळणार नाहीत. त्या फक्त चढवतानाच्या सोयीसाठी असतात. त्या हुकल्या म्हणून बरोबर बसलेला बेल्ट काढणारे महाभाग मी पाहिलेत.

सगळं जागेवर आणि तरी दाब नाही? मग कॉम्प्रेशन गेज. सगळे प्लग काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी टायमिंग बरोबर, मग टेस्ट. चुकलेल्या टायमिंगवर कॉम्प्रेशन तसंही कमी दिसतं, आणि तेवढ्यावरून हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग) उघडायला सांगणारे मिस्त्री भेटतात. टायमिंग जुळल्यावरही एक-दोन सिलिंडर जवळपास शून्य दाखवत असतील तर त्या सिलिंडरमध्ये हवा भरून बघा. फुसफुस थ्रॉटलमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. मग मात्र हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

जुन्या, रोटरी पंपाच्या डिझेल गाड्यांत तोच बेल्ट डिझेल पंपही फिरवत असेल, तर मार्क दोन नाही, तीन धरायचे. पंपाची पुली कॅमच्याच वेगाने फिरते. ती अर्धी फेरी चुकली की डिझेल नको त्या स्ट्रोकला पडतं. इंजिन धूर काढतं, पण लागत नाही.

वारंवार सेल्फ मारून प्लग पेट्रोलने भिजले असतील तर दोष सापडला तरी गाडी लगेच लागणार नाही. प्लग काढून पुसा, वाळवा, मग बघा.

आणि लागली की घाईने बोनेट पाडू नका. क्रँकचा मोठा बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) कसलाय ना? तो ढिला राहिला तर गिअर आपल्या खाचेतली ‘की’ (त्याला जागेवर धरणारी लोखंडी पट्टी) हळूहळू खात जातो. रविवारी लागलेली गाडी गुरुवारी सिग्नलला बंद पडते, आणि तोवर बेल्टचं काम कुणाच्या लक्षातही नसतं.